इंग्लंडच्या रानात पहिल्यांदा जाताय? ॲशरिजला निघण्याआधी हे वाचा

इंग्लंडला आल्यावर पहिलं दीड वर्ष मी एकाही रानात पाऊल टाकलं नाही. आम्ही हर्टफर्डशायरमध्ये राहतो, झाडी घरापासून वीस मिनिटांवर, पण जायचं कसं हेच कळत नव्हतं. आपल्याकडे जंगल म्हटलं की डोळ्यासमोर ताडोबा येतं, म्हणजे महिनाभर आधी ऑनलाइन बुकिंग, गेटवर ओळखपत्र, जिप्सी, गाइड, आत गेल्यावर गाडीतून खाली उतरायचं नाही. आणि इथे गेटच नाही. शेताच्या कडेला झाडं सुरू होतात, एक लाकडी खांब असतो, त्यावर छोटा पिवळा बाण, बस्स. आत गेलं तर कुणी ओरडेल का, ही कुणाची खासगी जागा आहे का, तिकीट कुठे काढायचं, काही चावेल का, असे सगळे प्रश्न घेऊन मी दोन वेळा त्या खांबापासून परत आले आहे.

आता पाच वर्षं झाली, वर्षातून दहा-बारा वेळा तरी जाते, सातारहून आई-बाबा आले तेव्हा त्यांनाही घेऊन गेले. नवीन आलेली बरीच मराठी मंडळी मला तेच प्रश्न विचारतात म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढतेय. उदाहरण ॲशरिज नावाच्या रानाचं घेतलंय कारण ते मला पायाखालचं आहे आणि लंडनहून ट्रेनने जाता येतं, पण यातलं बहुतेक सगळं इंग्लंडमधल्या कुठल्याही रानाला लागू पडेल.

१. आधी रान निवडा

इथल्या 'वुड'ला मी जंगल म्हणत नाही, मला ते आपल्या देवराईच्या जवळचं वाटतं. चहूबाजूंनी शेतं, मधे जुन्या झाडांचा एक तुकडा, आणि तो तुकडा शेकडो वर्षं तसाच राखलेला. इंग्लंडमध्ये इ.स. १६०० पासून सलग झाडी असलेल्या जागेला 'एन्शंट वुडलँड' म्हणतात आणि अशी राने संपूर्ण ब्रिटनच्या जमिनीच्या अडीच टक्क्यांच्या आसपासच उरली आहेत. ती ओळखायची खूण फुलांत असते. ब्लूबेल, वुड ॲनेमोनी, रानलसूण हे सगळं एकत्र दाट दिसलं तर समजायचं की ही माती फार काळ कुणी नांगरलेली नाही.

पहिल्या फेरीला नॅशनल ट्रस्ट, वुडलँड ट्रस्ट किंवा फॉरेस्ट्री इंग्लंड या राने सांभाळणाऱ्या संस्थांपैकी कुणाचं तरी रान घ्या, कारण तिथे लोकांनी यावं अशीच व्यवस्था असते, पाट्या असतात, वाटा साफ असतात. वुडलँड ट्रस्टची हजाराहून जास्त राने आहेत आणि फिरायला पैसे लागत नाहीत, त्यांच्या साइटवर पोस्टकोड टाकला की जवळचं दाखवतात.

ॲशरिज हे नॅशनल ट्रस्टचं. साधारण ५,००० एकर, हर्टफर्डशायर आणि बकिंगहॅमशायरच्या हद्दीवर, चिल्टर्न टेकड्यांमध्ये. बीच आणि ओकची झाडं, मधे मोकळी कुरणं, हरणांचे कळप. आत फिरायला तिकीट नाही. फक्त डॉकी वुड नावाचा जो ब्लूबेलसाठी प्रसिद्ध तुकडा आहे तिथे बहराच्या दिवसांत गर्दी आवरायला शुल्क घेतात, कधी आधी बुकिंगही लागतं, त्यामुळे निघण्याआधी त्यांचं पान बघूनच निघा. गाडी लावायचे नियमही तिथेच कळतील.

२. महिना ठरवा, कारण सगळं महिन्यावर आहे

माझ्या एका मैत्रिणीने जूनमध्ये सुट्टी काढून ब्लूबेल बघायला कुटुंबाला नेलं आणि तिथे फक्त हिरवा पाला होता. फार वाईट वाटलं तिला, आणि यात चूक तिची नाही, कुणी सांगितलंच नव्हतं की हे फूल साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच असतं, वर्षाच्या थंडीप्रमाणे आठ-दहा दिवस पुढेमागे. याचं कारण झाडांत आहे. एप्रिलअखेर बीचला पालवी फुटते आणि मे संपेपर्यंत वर छत इतकं दाट होतं की खाली ऊनच पोचत नाही, म्हणून या फुलांना त्याआधीच, उघड्या फांद्यांमधून जे ऊन मिळतं त्यावर, सगळा संसार उरकायचा असतो. हे एकदा लक्षात आलं की दर वर्षी तारीख शोधायला लागत नाही, बीचच्या झाडाकडे बघायचं, कोवळी पोपटी पानं नुकती उलगडायला लागली की निघायचं.

जगातल्या ब्लूबेलपैकी जवळजवळ निम्मे ब्रिटनमध्ये आहेत असं सांगतात, आणि सकाळी सातला डॉकी वुडमध्ये उभं राहिलात तर ते पटतं. जमिनीवर निळं-जांभळं धुकं उतरल्यासारखं दिसतं, आणि थोडा गोडसर वास. मी साताऱ्याची, लहानपणापासून कासला गेलेली, त्यामुळे मला पठारावरचा सप्टेंबर आठवतोच. आणि कासवर काय होत आलंय तेही आठवतं, फोटोसाठी फुलांत बसणारी माणसं, तुडवलेले पट्टे. ब्लूबेलचं दुखणं तेच आहे. पान चिरडलं गेलं की त्या कांद्याला पुढच्या वर्षासाठी अन्न साठवता येत नाही, आणि बीपासून फूल यायला पाच ते सात वर्षं लागतात, म्हणजे जवळजवळ आपल्या कारवीएवढा धीर. एका फोटोसाठी टाकलेलं एक पाऊल तिथे कित्येक वर्षं दिसत राहतं. लहान मुलीला निळा फ्रॉक घालून फुलांच्या मध्ये बसवायचा मोह सगळ्यांना होतो, वाटेवर बसवा, कॅमेरा खाली धरा, मागे सगळं निळंच येतं.

बाकीचे महिने थोडक्यात. मार्चअखेर पांढरी ॲनेमोनी. मेमध्ये पहाटेचं पक्ष्यांचं गाणं. जूनमध्ये हरणांची पाडसं. ऑक्टोबरमध्ये बीच सोन्यासारखे पिवळे होतात, खाली अळंबी उगवतात आणि फॅलो हरणांचा माजाचा काळ असतो, नर दिवसभर घोगरं डरकत असतात. मला विचाराल तर पहिली फेरी मेमध्ये, दुसरी ऑक्टोबरमध्ये.

आणि दिवस किती मोठा आहे ते बघाच. जूनमध्ये सव्वानऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये चार वाजायच्या आत सूर्य मावळतो आणि झाडांखाली त्याआधीच अंधार होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्या आठवड्यात बरेच जण फसतात, मागच्या रविवारी साडेपाचला उजेड होता म्हणून याही रविवारी असेल असं धरून चालतात.

३. बाण ओळखायला शिका

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण भीती इथेच जाते.

इंग्लंडमध्ये जमीन खासगी असली तरी तिच्यावरून जाणाऱ्या काही वाटांवर चालायचा सगळ्यांना कायद्याने हक्क आहे. तुमच्याकडे व्हिसा कुठला आहे, पासपोर्ट कुठला आहे याचा काही संबंध नाही. या वाटा खांबावरच्या बाणांच्या रंगावरून ओळखतात. पिवळा बाण म्हणजे पब्लिक फुटपाथ, फक्त पायी. निळा म्हणजे ब्रायडलवे, पायी, घोड्यावर आणि सायकलने. जांभळट बाण असला तर त्यावर घोडागाडीही येऊ शकते, आणि लाल बाण असेल तर मोटारसुद्धा. सायकल घेऊन पिवळ्या बाणावर जाऊ नका.

आता सापळा. वाटेच्या बाजूला 'प्रायव्हेट' अशी पाटी दिसते आणि आपण मागे फिरतो. मी फिरलेच होते. त्या पाटीचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की वाटेच्या दोन्ही बाजूची जमीन खासगी आहे, वाट सोडून आत शिरू नका. पिवळा बाण दिसतोय ना, मग त्या वाटेवर तुम्ही निर्धास्त चाला.

उलट चूकही होते. कुणीतरी सांगतं की इथे 'राइट टू रोम' आहे, कुठेही फिरा. २००० साली झालेल्या कायद्याने इंग्लंडमध्ये तो हक्क डोंगर, माळ, हीथ (झुडपी माळरान), डाउन (गवताळ टेकड्या) आणि नोंदलेली कॉमन म्हणजे सामाईक जमीन यांच्यापुरता मिळाला, सरसकट सगळ्या रानांना तो लागू नाही. ॲशरिजसारख्या ठिकाणी ट्रस्टच तुम्हाला फिरू देतो, पण एखाद्या अनोळखी रानात वाट सोडू नका.

यासाठी नकाशा लागतो, आणि गूगल मॅप इथे पुरत नाही, कारण तो वाट दाखवतो पण त्या वाटेवर हक्क आहे का ते सांगत नाही. एकदा त्याच्या भरवशावर मी आणि मुलगी एका शेतातल्या कुलूपबंद फाटकापर्यंत पोचलो, पावसात, आणि तसंच चाळीस मिनिटं मागे चालत यावं लागलं. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, १:२५,००० प्रमाणाचा, त्यात पब्लिक वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. ॲशरिजसाठी १८१ नंबरचा, चिल्टर्न हिल्स नॉर्थ. त्यांचं ॲपही आहे. नकाशा घरी वायफायवर डाउनलोड करून ठेवा, झाडीत आणि दरीत रेंज जाते.

४. सामान आणि कागदपत्रं

कागदपत्रं जवळजवळ काहीच नाहीत. परमिट नाही, ओळखपत्र कुणी बघत नाही. ट्रेनचं तिकीट, रेलकार्ड (तिकिटावर सूट देणारं कार्ड) असेल तर ते, नॅशनल ट्रस्टचं सभासद कार्ड असेल तर ते. भारतातून आलेले आई-वडील बरोबर असतील तर त्यांच्या ट्रॅव्हल इन्शुरन्सचा फोटो मोबाइलमध्ये आणि त्यांच्या नेहमीच्या गोळ्या खिशात, बॅगेत तळाशी नको.

सामानाची माझी यादी:

- पाणी आत न जाणारे बूट किंवा सरळ गमबूट. पांढरे स्नीकर्स नकोत, चिखल इथे मेमध्येही असतो
- लांब पँट आणि पँटच्या वर ओढता येतील असे लांब मोजे
- रेनकोट, हवामान ॲप काहीही म्हणो
- दोन-तीन पातळ थर, एक जाड जॅकेट घालून चढावर घाम येतो आणि थांबलं की थंडी भरते
- पॉवर बँक
- बारीक टोकाचा चिमटा, का ते शेवटी सांगते
- छोटी दुर्बीण असेल तर
- थर्मासमधला चहा, पाणी, खाणं
- कचऱ्यासाठी पिशवी

खाण्याचं सांगायचं तर रानात दुकान नसतं, आणि गावातल्या पबचं किचन दुपारी बंद होऊ शकतं, रविवारी तर आधी टेबल सांगितल्याशिवाय जागा मिळणं कठीण. आम्ही दशम्या, चटणी आणि भडंग नेतो. बाबांनी पहिल्यांदा केळ्याची साल झाडाखाली टाकली, आपल्याकडची सवय, गुरं खातात म्हणून. इथे तसं करू नका, साल सुद्धा पिशवीत घालून घरी आणायची. चूल, शेगडी, बार्बेक्यू काहीही पेटवायचं नाही.

५. पोचायचं कसं

लंडनच्या युस्टन स्टेशनवरून ट्रिंगची ट्रेन पकडा, साधारण चाळीस मिनिटं. लंडनच्या प्रवासाचं ऑयस्टर कार्ड या लाइनवर वॉटफर्ड जंक्शनच्या पुढे चालत नाही, त्यामुळे ते टॅप करून ट्रिंगला जाऊन पोचलात तर दंड होऊ शकतो, तिकीट आधीच काढा. मुलं बरोबर असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड घ्या, मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सूट, दोन-तीन फेऱ्यांत पैसे वसूल. रविवारी बऱ्याचदा रुळांची कामं चालतात, आदल्या रात्री एकदा बघा.

इथला मोठा गोंधळ असा की ट्रिंग स्टेशन ट्रिंग गावात नाही. गाव एका बाजूला जवळजवळ तीन किलोमीटरवर, आणि रान बरोबर विरुद्ध बाजूला. बाहेर पडून लोक सवयीने गावाच्या दिशेने चालायला लागतात. तुम्हाला ऑल्डबरी या खेड्याकडे जायचंय, वीस-पंचवीस मिनिटं. खेड्यात मधोमध तळं आहे, बदकं आहेत, आणि तळ्याजवळ जुन्या काळी गुन्हेगारांचे पाय अडकवायचा लाकडी खोडा अजून ठेवलाय. तिथून झाडीतून वर चढ लागतो, खडा आहे पण अजिंक्यताऱ्याच्या निम्माही नाही, आणि वर ब्रिजवॉटर मॉन्युमेंट येतं, १८३२ साली एका ड्यूकच्या स्मरणार्थ बांधलेला उंच दगडी खांब. कालवे बांधणारा ड्यूक म्हणून तो ओळखला जातो. खांबाशेजारी ट्रस्टचं केंद्र, कॅफे, टॉयलेट. टॉयलेट इथेच उरका, पुढे नाही.

गुडघ्यांचा त्रास असणारे बरोबर असतील तर ऑल्डबरीचा चढ टाळा आणि गाडीने सरळ मॉन्युमेंटजवळ या, तिथल्या वाटा बऱ्यापैकी सपाट आहेत. कुंपणं ओलांडायला कुठे कुठे लाकडी पायऱ्या असतात, त्यांना स्टाइल म्हणतात, त्यावर पाय उचलून चढावं लागतं. माझ्या आईला ते जमेना. तेव्हापासून मी ज्या वाटेवर फिरतं फाटक असतं तीच निवडते. प्रॅम मात्र अशा फाटकातूनही बहुतेक जात नाही.

गाडीने येणाऱ्यांनी खेड्यातल्या अरुंद रस्त्यांवर जपून चालवा. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ अशी पाटी असेल तर तिथे मर्यादा ताशी ६० मैल, पण त्या वळणांवर ६० ने जाणं वेडेपणा आहे. संध्याकाळी हरणं अचानक रस्त्यावर येतात, आणि एक आलं की मागे आणखी असतात.

६. प्राणी दिसणार कसे

वाघ नाही, बिबट्या नाही, अस्वल नाही, रानडुक्करही या भागात नाही. मग बघायचं काय असं लोक विचारतात. इथे तुम्ही गाडीतून उतरून, पायी, एकटे, मुलांचा हात धरून रानात फिरू शकता, आणि आपल्याकडे ताडोबात हे कधीच करता येत नाही, माझ्या लेखी हेच मोठं सुख आहे. पण पायी चालताय म्हणजे तुमचा आवाज सगळ्यांना आधी पोचतो. दहा जणांचा ग्रुप, स्पीकरवर गाणी, एकमेकांना हाका, अशा वेळी तीन तासांत एक खारसुद्धा नीट दिसणार नाही. दोन-तिघांत जा. पाच मिनिटं चाला, पाच मिनिटं खोडाला टेकून उभं राहा. सूर्योदयानंतरचा पहिला तास आणि सूर्यास्ताआधीचा एक तास, बाकी दिवसभर झोपलेलं रान असतं.

फॅलो हरणं. उन्हाळ्यात अंगावर पांढरे ठिपके, चितळच वाटावं, पण चितळाचे ठिपके बारा महिने असतात आणि यांचे हिवाळ्यात पुसट होऊन जातात. नराची शिंगं पंजासारखी पसरट. ही मुळातली इथली नाहीत, नॉर्मन लोकांनी शिकारीसाठी आणून वाढवली. किमान पन्नास मीटर लांब राहा, ऑक्टोबरमध्ये त्याहूनही लांब. जूनमध्ये गवतात एकटं पाडस बसलेलं दिसलं तर ते हरवलेलं नाही, आई मुद्दाम तसं लपवून चरायला जाते. हात लावू नका, उचलू नका, लगेच तिथून निघा.

मुंटजॅक. हा प्राणी दिसायच्या आधी ऐकू येतो, कुत्र्यासारखं भुंकतो, एकदा सुरू झाला की कितीतरी वेळ. माझे बाबा जावळीच्या बाजूला वाढलेले. ॲशरिजला संध्याकाळी आम्ही उभे होतो, लांबून भुंकणं आलं, मी म्हटलं कुणाचा तरी कुत्रा असेल, तर बाबा म्हणाले, "कुत्रा नाही गं, भेकर आहे ते." मी मानायला तयार नव्हते, इंग्लंडमध्ये भेकर कुठून येणार. पाच मिनिटांनी तो तपकिरी, पाठीत वाकलेला, बुटका प्राणी वाट ओलांडून गेला आणि बाबा इतके खूश झाले की घरी फोन लावून सगळ्यांना सांगत बसले. बरोबरच होतं त्यांचं, आपलं भेकर आणि हा एकाच कुळातले. हा मूळचा चीन आणि तैवानचा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वोबर्न इथल्या एका जमीनदाराच्या बागेत आणला, तिथून सुटला आणि दक्षिण इंग्लंडभर पसरला. दिसायला गोड आहे पण ब्लूबेल आणि कोवळी रोपं खाऊन टाकतो, त्यामुळे रान सांभाळणाऱ्यांना त्याची डोकेदुखीच आहे.

रेड काइट. वर बघा, घारीसारखा मोठा तांबूस पक्षी, शेपटी खोल दुभंगलेली. एकोणिसाव्या शतकात माणसांनी मारून मारून इंग्लंडमधून संपवला होता. १९८९ ते १९९४ या काळात स्पेनमधून पिल्लं आणून चिल्टर्नमध्ये सोडली आणि आज इथे मान वर केली की दिसतो. मला हे बघून दर वेळी आपल्या गिधाडांची आठवण येते. काइटना खायला टाकू नका.

इथली एक खास गोष्ट म्हणजे ग्लिस, जाड शेपटीची, खारीसारखी दिसणारी निशाचर. १९०२ मध्ये ट्रिंगच्या वॉल्टर रॉथशिल्ड या प्राणी जमवणाऱ्या धनिकाच्या संग्रहातून काही सुटल्या आणि त्यांची प्रजा अजून याच टापूत आहे. रात्री फिरते आणि अर्धं वर्ष जमिनीखाली झोपते, दिसली तर नशीब. फार पाऊस लागला तर रॉथशिल्डचंच म्युझियम ट्रिंग गावात आहे, आता नॅचरल हिस्टरी म्युझियमचा भाग, प्रवेश मोफत, मुलं दोन तास रमतात.

पक्ष्यांसाठी मर्लिन नावाचं मोफत ॲप घ्या, आवाज ऐकून नाव सांगतं. सुरुवातीला तीन आवाज शिका. चिफचॅफ स्वतःचं नावच घेत बसतो. साँग थ्रश प्रत्येक तान दोन-तीनदा म्हणतो. आणि सुतारपक्षी मार्चमध्ये पोकळ खोडावर नगारा वाजवतो. मोबाइलवरून पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचा प्रकार करू नका, विणीच्या दिवसांत तो घरटं सोडून भांडायला येतो.

बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याची बिळं दिसली, मोठी भोकं आणि बाहेर मातीचा ढीग, तर काठी घालून बघू नका. १९९२ च्या कायद्याने त्या बिळांना हात लावणं गुन्हा आहे.

७. काहीही तोडू नका, काहीही खाऊ नका

देवराईतून काडी नेत नाहीत, तेच इथे पाळा. ब्लूबेलचे कांदे खणणं बेकायदा आहे, आणि झाडाचे सगळेच भाग विषारी, मुलांनी तोंडात घालू नयेत. फॉक्सग्लोव्हची जांभळी घंटांची फुलं तशीच विषारी. रानलसणीचा वास सुटतो आणि चटणीचा विचार मनात येतोच, माझ्याही आला, पण तिच्यातच लॉर्ड्स अँड लेडीज नावाचं विषारी झाड उगवतं, आणि एकदा हाताला लसणीचा वास लागला की दुसरं पान वासावरून ओळखता येत नाही. अळंबीचं तर बोलूच नका. गावाकडे पावसाळ्यात आपण ओळखून आणतो, ती ओळख इथे कामाची नाही, इथे डेथ कॅप मिळते आणि तिने माणूस मरतो.

नेटल म्हणजे आग्या पानांचं रोप वाटेच्या कडेला सगळीकडे असतं, लागलं की खाजकुयलीसारखी आग होते, तासाभरात जाते. साप एकच विषारी, ॲडर, घोणशीच्या नात्यातला, पण लाजाळू. आपण पाय आपटत आलो की आधीच निघून जातो.

८. शेतातून जाताना

रानाच्या वाटा मधेच शेतातून जातात. फाटक जसं होतं तसंच ठेवा, बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. गायींचं मुद्दाम सांगते, कारण आपल्याला गाईची भीती नसते, जवळ जाऊन पाठीवरून हात फिरवायची सवय. इथल्या गायी मोकळ्या कळपात असतात, वासरं बरोबर असली की अंगावर येतात. गाय आणि वासराच्या मधून कधी जाऊ नका, लांबून वळसा घाला. कुत्रा असेल आणि गायी मागे लागल्या तर पट्टा सोडून द्या, तो सुटतो आणि तुम्हीही.

घोडेस्वार आले तर एका बाजूला थांबा आणि हळू 'हॅलो' म्हणा, घोड्याला माणसाचा आवाज आला की तो बुजत नाही. १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी फेझंट या पक्ष्याच्या शिकारीचा मोसम, आसपासच्या खासगी जमिनीतून गोळ्यांचे आवाज येतात. वाटेवरच राहा, रंगीत जॅकेट घाला.

काही झालंच तर ९९९ हा आपत्कालीन नंबर लावा. जागा सांगायला नकाशा ॲपमधला ग्रिड रेफरन्स, म्हणजे जागेचा अक्षरं-आकड्यांतला पत्ता, वाचून दाखवा, 'झाडाजवळ उभे आहोत' सांगून कुणी पोचत नाही. रेंज कमी असली की कधी कधी फोन लागत नाही पण मेसेज जातो, त्यासाठी आधीच घरून ९९९ ला इंग्रजीत 'रजिस्टर' एवढा एकच शब्द मेसेज करून आणि परत आलेल्या मेसेजला 'येस' असं उत्तर देऊन नंबर नोंदवून ठेवा.

९. घरी आल्यावर गोचीड शोधा

हे टाळू नका. इथे गवतात आणि फर्नमध्ये गोचीड असतात, खसखशीएवढे बारीक, आणि काहींमधून लाइम नावाचा आजार होतो. मला पहिल्या वर्षी गुडघ्यामागे लागला होता, दोन दिवस तीळ समजून मी लक्षच दिलं नाही.

घरी आल्या आल्या सगळ्यांचे कपडे बदला आणि अंग तपासा, गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, मुलांच्या कानामागे आणि केसांच्या मुळाशी. सापडला तर चिमटा कातडीला अगदी टेकवून धरायचा आणि सरळ वर, सावकाश ओढायचा. पिळायचा नाही. रॉकेल, तेल, व्हॅसलीन, पेटलेली काडी, हे गावाकडचे सगळे उपाय बंद. मग जागा साबणाने धुवा.

चावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. लाल चट्टा साधारण एक ते चार आठवड्यांत येतो, पण तीन महिन्यांपर्यंतही येऊ शकतो, आणि गोऱ्या कातडीवर दिसतो तसा आपल्या रंगावर तो ठळक दिसत नाही, त्यामुळे बोटांनी चाचपून आणि उजेडात बघा. चट्टा पसरायला लागला किंवा ताप, अंगदुखी, खूप थकवा आला तर डॉक्टरांकडे जा आणि स्वतःहून सांगा की अमुक तारखेला रानात गेले होते, गोचीड लागला होता. वेळेत कळलं तर अँटिबायोटिक्सने बरं होतं. आई-बाबा भारतात परत गेल्यावरही त्यांना ती तारीख लिहून द्या, कारण साताऱ्यातल्या डॉक्टरांच्या डोक्यात लाइम पटकन येणार नाही.

बूट त्याच दिवशी ब्रशने घासून धुवा, चिखलातून झाडांचे रोग एका रानातून दुसऱ्या रानात जातात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, हीटरवर ठेवू नका, तळ सुटतो.